किती जखम, किती फेऱ्या

शुक्रवारी मालेगाव गप्प होतं. एरवी दिवसरात्र यंत्रमागांची खटखट चालू असते. संगमेश्वरातल्या आमच्या घरात ती इतकी मुरली आहे की चालू असताना ऐकू येत नाही, थांबली की कान टवकारतात. शुक्रवार लूमच्या सुट्टीचा, म्हणून दवाखान्यांतल्या गर्दीचाही. कारागीर आपलं दुखणं शुक्रवारपर्यंत रेटतात.

नाशिकहून मूत्रविकारांचे एक सर्जन दर शुक्रवारी इथे येतात. ते माझ्या वडिलांचे, नानांचे, विद्यार्थी. नानांनी उभा जन्म भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही त्यांना सगळीकडे त्याचीच उदाहरणं दिसतात. मागच्या महिन्यात सोनोग्राफीत त्यांच्या डाव्या किडनीत खडा निघाला. सीटी स्कॅनमध्ये नक्की कळलं : ११ मिलिमीटर, किडनीच्या अगदी खालच्या कप्प्यात. अधूनमधून कमरेत ठणका आणि एकदा लघवीतून रक्त, एवढाच त्रास.

त्या दिवशी बाकावर आमच्या शेजारी एक कारागीर बसला होता. तिशीचा असेल. उजव्या किडनीतून निघालेला ९ मिलिमीटरचा खडा मूत्रनळीच्या वरच्या भागात अडकलेला. तीन आठवडे तो दुखणं थांबवणारी इंजेक्शनं घेऊन लूम चालवत होता. नानांचा चष्मा आणि पांढरा सदरा बघून त्यानं त्यांनाच डॉक्टर समजून आपली फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. नानांनीही ती नीट पाहिली.

डॉक्टरांनी दोघांनाही दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं. नाना तिथे काही बोलले नाहीत. संध्याकाळी ओपीडी आटोपून डॉक्टर चहाला घरी आले तेव्हा बोलले. मी ते लिहून ठेवलं, कारण आमच्या गल्लीत मुतखडा नसलेलं घर शोधावं लागेल आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : सगळ्यात चांगली पद्धत कोणती? त्या संध्याकाळनंतर मला तो प्रश्न अपुरा वाटू लागला आहे.

नाना : दोन खिळे आणि एक सुतळी आठवते का रे?

डॉक्टर : लंबवर्तुळ. फळ्यावर खिळे ठोकले म्हणून मुख्याध्यापक तुमच्यावर रागावले होते, सर.

नाना : त्या दोन खिळ्यांच्या जागा म्हणजे दोन नाभी. एका नाभीतून निघालेली लहर भिंतीवर कुठेही आपटली तरी दुसऱ्या नाभीत जाऊन पोचते. आता एका नाभीत ठिणगी पाड आणि दुसऱ्या नाभीत माझा खडा ठेव. मध्ये पाणी, चामडी, मांस. या सगळ्यांची घनता जवळपास सारखी, म्हणून लहर त्यांतून बिनबोभाट निघून जाते. खड्याशी पोचली की माध्यम बदलतं आणि सगळा मार खड्यावर बसतो. शरीरात सुई जात नाही, नळी जात नाही. इतकं साधं यंत्र असताना तू मला दुर्बीण सांगतोस?

हे यंत्र जन्मलं त्याची गोष्ट नानांना तोंडपाठ आहे. जर्मनीतली डॉर्निए ही विमानं बनवणारी कंपनी. ध्वनीपेक्षा वेगानं जाणारं विमान पावसात शिरलं की थेंबांच्या माऱ्यानं त्याच्या धातूला इजा होते, त्या आघातलहरींचा अभ्यास तिथे चालला होता. त्यातून लहरींनी मुतखडा फोडायची कल्पना पुढे आली. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला ख्रिश्चन चौसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या माणसावर हा उपचार केला. त्या काळी रोग्याला पाण्याच्या टबात बसवत. त्याआधी मोठ्या खड्यासाठी कुशीवर वीतभर चिरा देत, आणि बरगडीखालचा तो व्रण माणूस जन्मभर वागवी.

डॉक्टर : सर, आता बहुतेक यंत्रांत ठिणगी नसते, विद्युतचुंबकीय पडदा असतो. टबही गेला, पाण्याची उशी आली. पण तत्त्व तेच, आणि तुम्ही सांगितलेला शब्द न् शब्द बरोबर आहे. फक्त तो खडा फुटेपर्यंत बरोबर आहे.

नाना : म्हणजे?

डॉक्टर : लहर खडा फोडते. फुटलेलं बाहेर काढत नाही. ते काम तुमच्या लघवीचं. तुमचा खडा खालच्या कप्प्यात आहे. तांब्याच्या तळाशी गाळ बसतो तसे तुकडे तिथेच बसतात. कप्प्याची मान अरुंद असली, लांब असली, किडनीच्या मुख्य पोकळीशी तिचा कोन उभा असला, तर आणखीनच. लंबवर्तुळानं फोडलं तरी पुढे गुरुत्वाकर्षण आहे.

नाना दोन क्षण गप्प राहिले. स्वतःच्या विषयातलाच एक नियम विद्यार्थ्यानं पुढे टाकावा, हे त्यांना आवडलंही असावं.

नाना : तूच मला तो अमेरिकन अभ्यास पाठवलास. खालच्या कप्प्यातले, एक सेंटिमीटरपर्यंतचे खडे. लहरींनी फोडलेल्यांपैकी शंभरात ३५ जण पूर्ण मोकळे झाले, दुर्बिणीनं फोडलेल्यांपैकी ५०. आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

डॉक्टर : २००५ चा. बरोबर.

नाना : पुढचं सांग ना. पुन्हा वेळ आली तर हाच उपचार घ्याल का, असं विचारलं तेव्हा लहरीवाल्यांपैकी शंभरात ९० जण हो म्हणाले. दुर्बीणवाले ६३.

डॉक्टर : तेही बरोबर. लहरींनंतर माणूस लवकर कामाला लागतो, स्टेंटची जळजळ नसते. पण त्याच डॉक्टरांच्या गटाचा २००१ चा अभ्यासही आहे, त्यात मोठे खडेही होते. तीन महिन्यांनी पाहिलं तर लहरीवाले शंभरात ३७ मोकळे, पाठीतून छिद्र करून काढलेले ९५. खडा जसा मोठा होतो तशा लहरी मागे पडतात. तुमचा ११ मिलिमीटरचा, म्हणजे कुंपणावर बसलेला. स्कॅनवर घनता ८५० एककं आली. हजाराच्या वर असती तर मी लहरींचं नावही काढू दिलं नसतं.

नाना : म्हणजे फुटेल.

डॉक्टर : फुटेल. पूर्ण निघेल का, ते नाही सांगता येत.

एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती मला विशेष वाटली. एका बैठकीत अडीच-तीन हजार ठोके देतात. मिनिटाला १२० दिले तर काम लवकर उरकतं, पण ६० ते ९० दिले तर खडा जास्त चांगला फुटतो. प्रत्येक ठोक्यानं खड्याभोवती बारीक बुडबुडे उठतात, ते विरायच्या आत पुढची लहर आली तर तिचा जोर त्यांतच अडतो. सुरुवातही हलक्या ठोक्यांनी करायची, म्हणजे किडनीला इजा कमी होते. लूमचा वेग वाढवला की कापड वाढतं, हा आमच्या गावाचा हिशोब. इथे घाई केली की माल बिघडतो.

नंतर बोलणं आत्याकडे वळलं, आणि नानांच्या हट्टाचं मूळ तिथेच आहे हे मला ठाऊक होतं.

सटाण्याच्या आमच्या आत्याच्या किडनीत फांद्या फुटलेला खडा होता, सगळ्या कप्प्यांत शिरलेला. डॉक्टर त्याला हरणाच्या शिंगाची उपमा देतात. तिच्या पाठीतून किडनीत छिद्र करून तो काढला. रात्री रक्तस्राव सुरू झाला. नाना रक्तपेढीतून रक्ताच्या दोन पिशव्या बर्फाच्या डब्यात घेऊन पहाटे रिक्षानं दवाखान्यात पोचले. आत्या वाचली, आज नातवंडं खेळवते. पण पाठीतलं छिद्र म्हटलं की नानांना तो डबा आठवतो.

डॉक्टर : सर, त्या खड्याला दुसरा चांगला उपाय नव्हता. असे खडे पुष्कळदा जंतुसंसर्गातून वाढतात. तसेच ठेवले तर किडनी निकामी करतात, माणूसही जातो. लहरींनी फोडले असते तर एवढा चुरा एकदम नळीत उतरून तुंबला असता. जर्मन डॉक्टरांनी त्या तुंबलेल्या रांगेला नाव दिलंय, दगडांचा रस्ता.

नाना : छिद्र केवढं होतं तिचं?

डॉक्टर : तेव्हाची रीत म्हणजे आठ ते दहा मिलिमीटर. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी हा मार्ग खडे काढण्यासाठी पहिल्यांदा वापरल्याचं प्रसिद्ध केलं, तिथून तो सुरू झाला. सुईनं कप्प्यात शिरायचं, तिच्यातून तार सोडायची, तारेवरून मार्ग रुंद करत न्यायचा. नंतर तो बारीक होत गेला. आता पाच-सहा मिलिमीटरमधून पुष्कळ काम होतं. आपल्या शेजारी, गुजरातेत नडियादला, महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २०११ मध्ये दीड मिलिमीटरच्या सुईतूनच बघणं आणि लेसरनं फोडणं प्रसिद्ध केलं.

नाना : तरी छिद्र ते छिद्रच.

डॉक्टर : मान्य. एका किडनीतून मिनिटाला अर्धा लिटर रक्त फिरतं. तिच्यात सुई खुपसणारा माणूस घाबरत नसेल तर त्यानं ते करू नये. पण दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा समोर आला की मी त्याच मार्गाकडे जातो, कारण एका बैठकीत सगळ्यात जास्त माल त्यातूनच बाहेर येतो. तुम्हाला मी ते सुचवलं नाही. तुम्हाला सुचवली ती वाकणारी दुर्बीण. लघवीच्या वाटेनं वर, किडनीपर्यंत. टाका नाही.

ही दुर्बीण डॉक्टरांनी मोबाइलवर दाखवली. जाडी साधारण तीन मिलिमीटर, टोक मागे वळून स्वतःकडे बघू शकेल इतकं वाकणारं. आतून अर्ध्या मिलिमीटरहून बारीक लेसरची तार जाते. या होल्मियम लेसरची ऊर्जा पाण्यातच शोषली जाते, अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे पोचत नाही. म्हणून तार खड्याला टेकवली तर खडा फुटतो आणि मिलिमीटरभर दूरचं अस्तर शाबूत राहतं. खालच्या कप्प्यातला खडा बारीक जाळीच्या पिशवीत धरून वरच्या कप्प्यात आणायचा आणि तिथे फोडायचा, अशीही युक्ती करतात.

गावोगावच्या फलकांवर ‘लेसर’ हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो आणि माणसं दवाखान्यात शिरतानाच लेसर मागतात. मला वाटतं हे समजून घेतलं पाहिजे : लेसर ही फोडायची वस्तू आहे, मार्ग नाही. लघवीच्या वाटेनं जा किंवा पाठीतून जा, दोन्हीकडे लेसर वापरता येतो. विचारायचं ते हे, की आत कुठून शिरणार, आणि नंतर आत काय ठेवून येणार.

नानांनी नेमकं तेच विचारलं.

नाना : टाका नाही म्हणालास. आत काही ठेवशील?

डॉक्टर : स्टेंट. किडनीपासून मूत्राशयापर्यंत मऊ नळी, दोन्ही टोकांना वळलेली, म्हणजे सरकत नाही. दोन आठवडे तरी.

नाना : मग पुन्हा येऊन काढायची. आणि तुझी दुर्बीण माझ्या नळीत शिरलीच नाही तर?

डॉक्टर : काहींची नळी अरुंद असते. जोर केला तर ती फाटते. म्हणून तेव्हा स्टेंट ठेवून परत फिरायचं. एक-दोन आठवड्यांत नळी सैल होते, मग पुन्हा.

नाना : म्हणजे भूल दोनदा, फेऱ्या तीन. आणि तू म्हणतोस लहरींच्या फेऱ्या जास्त!

डॉक्टर हसले नाहीत. ही त्यांच्या बाजूची दुखरी जागा होती आणि त्यांनी ती झाकली नाही. स्टेंटमुळे लघवीला सारखं जावं लागतं, जळजळ होते, चालताना कमरेत ओढ लागते, अधूनमधून रक्त दिसतं, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. दुर्बिणीतून पाणी सोडत काम करावं लागतं. ते पाणी आत तुंबून दाब वाढला तर लघवीतले जंतू रक्तात जाऊ शकतात. म्हणून आधी लघवीचं कल्चर करायचं आणि जंतू असतील तर त्यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

मग त्यांनी एका ट्रकचालकाची हकिकत सांगितली. त्याला कुठेतरी स्टेंट घातला होता. दुखणं थांबलं, तो कामाला लागला, आणि आत काही आहे हे विसरून गेला. कागद हरवला. दोन वर्षांनी ताप घेऊन आला तेव्हा स्टेंटच्या दोन्ही टोकांवर खडे चढले होते. मूळ खड्यापेक्षा मोठे. ते काढायला दोन ऑपरेशनं लागली.

डॉक्टर : खडा काढल्याचं माणसाला आठवतं, सर. आत ठेवलेलं आठवत नाही. मी वहीत लिहून ठेवतो, फोन करतो. पण काहींचे नंबर बदलतात.

यानंतर वाद नानांच्या खड्यावरून हलला आणि बाकावरच्या त्या कारागिराकडे गेला. मला वाटतं खरा वाद तिथूनच सुरू झाला.

नाना : माझं जाऊ दे. त्या पोराचा खडा तर नळीत आहे. खालच्या कप्प्याचं गुरुत्वाकर्षण तिथे नाही. नऊ मिलिमीटर. तुमच्या नियमांत तिथे लहरी आणि दुर्बीण दोन्ही बसतात. मग त्याला दुर्बीणच का?

डॉक्टर : ब्रिटनमध्ये नेमकं हेच तपासलंय. नळीतले खडे, सहाशेवर रुग्ण, २०२१ मध्ये निकाल आला. लहरी घेतलेल्यांपैकी शंभरात २२ जणांना पुढे आणखी उपचार लागला. दुर्बीणवाल्यांत १०.

नाना : म्हणजे ७८ जणांना दुर्बीण लागलीच नाही! आणि खर्च?

डॉक्टर : लहरींचा कमी.

नाना : झालं तर मग.

डॉक्टर : सर, तिथलं सरकार हिशोब करतं तेव्हा यंत्राचा, खाटेचा, डॉक्टरांच्या वेळेचा करतं. या मुलाचा हिशोब वेगळा आहे. आपल्याकडे महात्मा फुले योजना आहे, २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली तीच. दवाखान्याचं बिल त्यातून भागतं. त्याचं नडतं ते बिलापाशी नाही. त्याची मजुरी मीटरवर आहे. लूम थांबला की मजुरी थांबते, आणि शेठची उचल अंगावर असते. लहरींचं यंत्र नाशिकला, इथून शंभर किलोमीटर. एक बैठक, दोन आठवड्यांनी एक्स-रे, लागली तर दुसरी बैठक, पुन्हा एक्स-रे. मधल्या काळात तुकडा अडकला तर रात्री-अपरात्री कळ. दर फेरीला दोन दिवस बुडणार. तुम्ही जखम मिलिमीटरमध्ये मोजता. त्याला ती दिवसांत लागते.

नाना बराच वेळ कपाकडे बघत होते.

नाना : पण त्यालाही स्टेंट घालशीलच. मग ती फेरी?

डॉक्टर : नळीतला खडा सरळ निघाला, आत खरचटलं नाही, तर काही वेळा स्टेंट न ठेवताही भागतं. ठेवला तर दोऱ्याचा ठेवता येतो. दोरा बाहेर राहतो, काही दिवसांनी इथेच मालेगावात ओपीडीत काढता येतो. भूल नाही, नाशिक नाही. शुक्रवारी.

मला इथे सुश्रुताची आठवण झाली. त्याच्या संहितेत मुतखड्यासाठी अश्मरी हा शब्द आहे आणि शस्त्रानं तो काढायची रीतही आहे. मूत्राशयातला खडा, खालच्या बाजूनं चिरा देऊन. हे काम कुशल वैद्याच्याही हातून फसू शकतं, म्हणून आधी अधिपतीची परवानगी घ्यावी, असं तो सांगतो. डॉक्टर म्हणाले की त्या कारागिरानं ओपीडीतूनच शेठला फोन लावला होता. किती दिवस, हे विचारायला. तारीख शेठनं दिली. उपचारांची तुलना करणारे तक्ते मी पाहिले आहेत : खड्याचा आकार, जागा, घनता, यशाचं प्रमाण, रक्तस्राव. त्यांत शेठच्या फोनसाठी रकाना नाही. आमच्या गावात तो हवा, आणि तो भरून घेतल्याशिवाय कुठलीही पद्धत चांगली ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

नाना : आणि तारखेपर्यंत ताप आला तर?

डॉक्टर : ते त्याला तीनदा सांगितलंय, तुम्हालाही सांगतो. नळी अडलेली आणि वर थंडी वाजून ताप, म्हणजे तुंबलेल्या लघवीत जंतू शिरले. तेव्हा खडा फोडायला बसायचं नाही. आधी लघवीला वाट करून द्यायची, स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून. खडा नंतर. तशा वेळी शुक्रवारची वाट बघितली तर माणूस हातचा जातो.

शेवटी पाण्यावर आलो. मालेगावात दुसरीकडे कुठे येणार? उन्हाळ्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, सुताचे तंतू उडत असताना, एकेक जण बारा तास कित्येक लूम सांभाळतो. धागा तुटला की धावायचं, कांडी संपली की बदलायची. घामावाटे पाणी जातं आणि लघवी घट्ट होते. पाणी पिऊ म्हटलं तर लघवीला जावं लागतं, आणि लूम सोडून जाता येत नाही. त्या कारागिरानं बाकावर नानांना सांगितलं होतं की पाळीवर असताना तो मुद्दाम कमी पितो.

डॉक्टर : सर, मी खडा काढीन. त्याच शेडमध्ये त्याच पाण्यावर तो परत गेला तर दुसरा होईल. इटलीत एकदा खडा झालेल्यांपैकी अर्ध्यांना भरपूर पाणी प्यायला लावलं आणि पाच वर्षं बघितलं. १९९६ मध्ये छापून आलंय. पाणी पिणाऱ्यांत शंभरात १२ जणांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ जणांना. माझ्या कुठल्याही दुर्बिणीनं एवढं साधत नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. किती प्यायलो ते मोजू नका, किती झाली ते मोजा, कारण आपल्याकडे निम्मं घामात जातं.

नाना : मी हुलग्याचं पाणी घेतो.

डॉक्टर : घ्या. पाणीच आहे. मीठ कमी घाला. आणि दूध सोडलंय असं या ताई म्हणाल्या, ते आधी सुरू करा. खड्यात कॅल्शियम असतं म्हणून दूध तोडायचं, ही जुनी समजूत. त्याच इटालियन डॉक्टरांनी तेही तपासलं. कॅल्शियम तोडणाऱ्यांना खडे जास्त झाले. मीठ आणि मांस कमी करून कॅल्शियम नेहमीसारखं ठेवलं त्यांना कमी.

चहाचे कप मी आत नेले. परत आले तेव्हा नाना मला माहीत असलेल्या त्यांच्या त्या आवाजात बोलत होते, वर्गात एखादं गणित सुटल्यावर निघायचा त्या.

नाना : माझं पेन्शन येतं. मला तीन वेळा नाशिकला जायला काही होत नाही, लेक बरोबर येते. माझा खडा आज कुणाचं काही अडवत नाही. तेव्हा मला लहरी दे. एक बैठक. फुटला तर ठीक.

डॉक्टर : आणि तुकडे खालीच राहिले तर?

नाना : महिन्यानं एक्स-रे काढू. राहिले तर दुसरी बैठक मागणार नाही, तुझ्या दुर्बिणीला हो म्हणेन. पण त्या पोराला तू एका फेरीत मोकळा कर. त्याच्याकडे लंबवर्तुळासाठी वेळ नाही.

डॉक्टर : एका फेरीचं वचन नाही देता येणार, सर. प्रयत्नाचं देतो. त्याची नळी आधी बघू दे.

नाना : आणि तुमच्याकडून एक हवं, असं तोंड करू नकोस. माग काय हवं ते.

डॉक्टर : ॲस्पिरिन. तुम्ही रोज एक घेता हे दुपारी सांगितलं नाहीत, आत्ता फळीवर पाकीट दिसलं. लहरींनी किडनीभोवती रक्त साचू शकतं. ती थांबवायची की नाही, कधी थांबवायची, हे तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी तारीख देणार नाही. ते थांबवू नका म्हणाले, तर लहरी बाद. मग दुर्बीणच. रक्त पातळ ठेवावं लागणाऱ्या माणसाला तीच त्यातल्या त्यात सुरक्षित.

नानांनी ते पाकीट उतरवून टेबलावर ठेवलं. एवढा वेळ चाललेल्या वादात ती गोळी आमच्या तिघांच्या डोक्यावर फळीवर होती.

डॉक्टर निघाले तेव्हा आठ वाजले होते. नानांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. हृदयाच्या डॉक्टरांची भेट सोमवारी लिहिली. मग खिशातून एक चिठ्ठी काढली. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी त्या कारागिराचा आणि त्याच्या बायकोचा, असे दोन नंबर लिहून घेतले होते. ऑपरेशनची तारीख शेठनं दिली ती पुढच्या बुधवारची होती. नानांनी त्यानंतरचे दोन शुक्रवार मोजले, दोन्हींच्या चौकटीत पेन्सिलनं ‘दोरा’ असं लिहिलं, आणि खाली दोन्ही नंबर. स्टेंट ठेवला तर कुठला शुक्रवार हे बुधवारी कळल्यावर एक खोडायचा, नाही ठेवला तर दोन्ही, असं मला सांगून त्यांनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.